काजरा (कुचला): सोलापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आम्ही काही जण रविवारी सकाळी झाडं ओळखायला फिरतो आणि हौसेने रोपंही तयार करतो. गेल्या काही वर्षांत इथल्या सोसायट्या, शाळा आणि देवळांच्या आवारांत नक्षत्रवनं होऊ लागली. तेव्हापासून माझ्या फोनवर एकाच झाडाबद्दल सर्वात जास्त प्रश्न येतात. नक्षत्रवृक्षांच्या यादीत पहिलंच नाव काजऱ्याचं असतं, आणि हे झाड आपल्या भागातल्या बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. माझं आजोळ तळकोकणातलं, त्यामुळे काजऱ्याशी माझी ओळख लहानपणापासूनची. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. घाईत असाल तर आधी प्रश्न ६ वाचा.

१. काजरा आणि कुचला ही दोन वेगळी झाडं आहेत का?

नाही, झाड एकच. मराठीत, विशेषतः कोकणात, त्याला काजरा म्हणतात. कुचला हे नाव हिंदीतून आणि औषधांच्या दुकानांतून आलं. संस्कृतात त्याला कारस्कर, विषमुष्टी, विषतिंदुक अशी नावं आहेत, तर शास्त्रीय नाव स्ट्रिक्नोस नक्स-व्होमिका. सोलापुरात घरोघरी बोलल्या जाणाऱ्या भाषांतही त्याला नावं आहेत: तेलुगूत मुष्टि आणि कन्नडमध्ये कासरक. एका तेलुगूभाषक आजींना मी बियांचा फोटो दाखवला, तर त्या लगेच म्हणाल्या, "मुष्टि! हात लावू नको." झाड न पाहताही नाव आणि धाक दोन्ही पिढ्यान् पिढ्या टिकून राहिले आहेत.

'विषतिंदुक' या नावाकडे जरा थांबून पाहा. तिंदुक म्हणजे टेंभुर्णी, आपल्या जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाच्या नावातली. गोल, नारिंगी फळावरून काजऱ्याला 'विषारी टेंभुर्णी' म्हटलं गेलं. टेंभुर्णीचं फळ माणूस खातो आणि काजऱ्याचं खात नाही, हा फरक जुन्या लोकांनी नावातच सांगून ठेवला आहे.

२. आमच्या कॉलनीत पिवळ्या घंटेसारख्या फुलांचं विषारी झाड आहे. तो काजरा का?

नाही, ती बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. मला येणाऱ्या 'काजऱ्याच्या' फोटोंपैकी बहुतेक तिचेच असतात. तिची पानं लांब आणि अरुंद असतात, तोडली की पांढरा चीक येतो, फळ हिरवं आणि कोनदार असतं. मूळची ती मेक्सिको आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतली. पाणी कमी लागतं आणि गुरं खात नाहीत, म्हणून आपल्याकडे कुंपणाला आणि रस्त्याकडेला लावली गेली.

काजरा नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. बिट्टीची बी तितकीच घातक आहे, फक्त तिचं विष हृदयाच्या ठोक्यांवर काम करतं. काजऱ्याचं विष मज्जारज्जूवर काम करतं (प्रश्न ५). सोलापुरातल्या मुलांना खरा धोका बिट्टीचाच आहे, कारण ती दारात असते. मुलं तिच्या बिया खेळायला घेतात. घरात लहान मूल असेल तर आधी बिट्टीची फळं झाडून उचला, काजऱ्याची काळजी नंतर करा.

३. मग खरा काजरा ओळखायचा कसा? फळ कवठासारखं किंवा बेलासारखं असतं का?

सिद्धेश्वराला बेल वाहणाऱ्या सोलापूरकराला बेलाचं त्रिदळ नव्याने सांगायला नको. काजऱ्याचं पान तसं नसतं. ते एकेकटं, रुंद, चकचकीत असतं आणि फांदीवर समोरासमोर जोडीने येतं. पान उजेडात धरा. देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ते पाच ठळक शिरा दिसतात. मधली एक शीर आणि तिला फुटलेल्या बारीक शिरा, अशी नेहमीची मांडणी इथे नसते. माझ्या मते ही सर्वात भरवशाची खूण.

फुलं लहान, हिरवट पांढरी, उन्हाळ्याच्या तोंडाला येतात. फळ साधारण संत्र्याएवढं, कवच कडक पण गुळगुळीत, थंडीत पिकून पिवळं-नारिंगी होतं. कवठाचं कवच खरखरीत आणि पांढुरकं असतं. काजऱ्याचं फळ फोडलं की आत पांढरट, बुळबुळीत गर आणि त्यात चपट्या गोल बिया. वाळलेली बी म्हणजे राखाडी रंगाचं कोटाचं बटण. ती मध्ये किंचित खोलगट असते आणि तिच्यावर रेशमासारखी बारीक लव असते. दिसायला सुंदर असते, आणि मुलांच्या हातात ती जाते ती यामुळेच.

४. झाडाचा कोणता भाग विषारी आहे? नुसता हात लागला किंवा सावलीत बसलो तर काही होतं का?

सावलीत खुशाल बसा. पानाला, खोडाला हात लावल्यानेही काही होत नाही. काजरा बिब्ब्यासारखा अंगावर उतत नाही. विष आहे ते पोटात गेल्यावर.

बी, साल, मूळ, पान, लाकूड हे सगळे भाग विषारी आहेत. सर्वात जास्त विष बियांत असतं. त्यांत स्ट्रिकनीन आणि ब्रुसीन ही दोन मुख्य अल्कलॉइडं मिळून साधारण दोन ते तीन टक्के भरतात. सालीत ब्रुसीनचा वाटा जास्त असतो. दोन्ही कमालीची कडू. आजोळी नावडत्या औषधाला 'काजऱ्यासारखं कडू' म्हणत. हा कडूपणा एका अर्थाने झाडाने दिलेली सूचनाच आहे, पण भुकटी गुळात किंवा कॅप्सूलमध्ये गेली की ती सूचना मिळत नाही.

बिया कुटताना, दळताना उडणारी धूळही टाळायला हवी. ज्या मिक्सरमध्ये काजरा फिरला तो पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

५. हे विष शरीरात नेमकं काय करतं?

स्नायू आखडण्याचा हुकूम जसा असतो, तसा 'आता पुरे' असा थांबण्याचाही हुकूम असतो. मज्जारज्जूत तो ग्लायसिन नावाच्या रसायनामार्फत पोहोचतो. स्ट्रिकनीन ग्लायसिनची जागा अडवून बसतं. मग आखडण्याचे हुकूम येत राहतात आणि थांबवणारं कोणी उरत नाही. दार आपटलं, दिवा लागला, कोणी खांद्याला हात लावला, एवढ्यानेही सगळं शरीर धनुष्यासारखं ताणलं जातं. जबडा आवळतो. लक्षणं बहुधा पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात सुरू होतात. मृत्यू होतो तो श्वासाचे स्नायू आखडल्यामुळे.

यातला सर्वात कठीण भाग असा की माणूस शुद्धीवर असतो. फिटमध्ये शुद्ध हरपते, तशी इथे सहसा हरपत नाही. प्रत्येक झटका त्याला कळतो. 'झटपट मरण देणारं विष' असं याच्याबद्दल कोणी सहज बोललं की मला ते सहन होत नाही.

१८१८ मध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी स्ट्रिकनीन वेगळं काढलं. त्याची गुंतागुंतीची रचना उलगडायला १९४६ उजाडलं आणि प्रयोगशाळेत ते पहिल्यांदा तयार केलं वुडवर्ड यांनी, १९५४ मध्ये.

६. कोणी चुकून बी खाल्ली तर काय करायचं?

लक्षणांची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने अतिदक्षता विभाग असलेल्या जवळच्या दवाखान्यात न्या. उरलेली बी, फळ किंवा औषधाची पुडी सोबत घ्या, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचेल. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालतं. त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७.

उलटी करवू नका. मीठ-पाणी, दूध, तूप, लिंबू काहीही पाजू नका. घशात बोट घालण्याने झटका सुरू होऊ शकतो आणि झटक्यात उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. झटके आले तर हातपाय दाबून धरू नका, दातांत चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. खोलीतला दिवा मंद करा, टीव्ही बंद करा, गर्दी बाहेर काढा. आपल्याकडे घरात काही झालं की अख्खी चाळ गोळा होते आणि सगळे मोठमोठ्याने बोलत अंगाला हात लावतात. प्रेमापोटीच, पण इथे त्यानेच झटके वाढतात.

या विषावर उतारा म्हणून कोणतंही एक औषध नाही. दवाखान्यात झटके थांबवणारी आणि स्नायू सैल करणारी औषधं देतात, गरज पडली तर कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवतात. वेळेत पोहोचलेला रुग्ण वाचू शकतो, म्हणून घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नका.

अखंड गिळलेली बी कडक असल्यामुळे कधी न फुटता बाहेर पडते, हे खरं आहे. पण ती चावली गेली होती की नाही हे घरी बसून ठरवता येत नाही. तेव्हाही जायचंच.

७. एवढं विषारी आहे तर आयुर्वेदात औषध म्हणून कसं चालतं? शोधन घरी करता येईल का?

आयुर्वेदात काजरा आहे, आणि जुन्या काळापासून आहे. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी यांसारख्या औषधांत तो असतो. पण कच्ची बी वापरत नाहीत. आधी तिचं शोधन करतात: गोमूत्रात किंवा दुधात ठरावीक काळ संस्कार, वरची साल आणि आतला अंकुर काढणं, तुपात परतणं. शोधनाने विष कमी होतं, पण संपत नाही. शिल्लक राहिलेल्याचीच मात्रा वैद्य ठरवतो.

घरी करता येईल का, याचं माझं उत्तर स्पष्ट 'नाही' आहे. प्रत्येक बीत विषाचं प्रमाण सारखं नसतं. विष किती उरलं हे डोळ्यांना, जिभेला, नाकाला कळत नाही. चूक झाली तर कडू चवीने नव्हे, झटक्याने कळते.

औषध व प्रसाधन नियम, १९४५ यांच्या परिशिष्ट ई (१) मध्ये आयुर्वेद-युनानीतल्या विषारी द्रव्यांची यादी आहे आणि तीत विषमुष्टीचं नाव आहे. अशी द्रव्यं असलेल्या पोटात घ्यायच्या औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. गुडघेदुखीवर, लकव्यावर 'जबरदस्त गुणकारी' म्हणून यात्रेत किंवा बसस्टँडवर कोणी बिनचिठ्ठीची पुडी दिली, तर तिच्यावर ही सूचनाही नसते आणि घटकांची नावंही नसतात. ओळखीच्या एका काकांनी अशी पुडी तीन आठवडे घेतली. जबडा जड वाटू लागला आणि पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, तेव्हा त्यांनी मला फोन केला. मी त्यांना पुडीसकट डॉक्टरांकडे पाठवलं. पुडीत काय होतं ते मला माहीत नाही, पण ती बंद केल्यावर त्यांचा त्रास थांबला. डबीवर नाव, घटक आणि उत्पादक छापलेला नसेल तर ती वस्तू घेऊ नका.

८. होमिओपॅथीतली नक्स व्होमिका हीच का?

हो, याच बियांपासून. वारंवार विरल केलेल्या उच्च पोटेन्सीत मूळ विष जवळजवळ उरत नाही. मूळ अर्काचं मात्र तसं नाही, त्यात अल्कलॉइडं असतात. ती बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

९. तालमीतल्या एका मित्राने सांगितलं, थोडा कुचला घेतला की दम वाढतो. खरं आहे का?

हा प्रश्न आला की मी लगेच फोन करते, मेसेजवर सोडत नाही.

समज जुना आहे आणि त्यामागे इतिहासही आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या थॉमस हिक्सला शर्यत चालू असताना स्ट्रिकनीन, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी दिली गेली होती. तेव्हा ते उत्तेजक समजलं जायचं. हिक्सने शर्यतीची रेषा ओलांडली ती जवळपास कोसळतच, लोकांच्या आधाराने.

जे 'चढल्यासारखं' वाटतं तो ताकदीचा भास आहे. प्रश्न ५ मध्ये सांगितलेली ब्रेक निघण्याची क्रिया तिथे सुरू झालेली असते. कसून व्यायाम करणाऱ्या, घाम गाळणाऱ्या शरीरात ती जास्तच धोक्याची. शिवाय स्ट्रिकनीन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहे. स्पर्धेत चाचणी झाली तर पैलवानाची कारकीर्द बुडेल. लाल मातीत घाम गाळून कमावलेलं नाव अशा पुडीपायी घालवू नका, भावांनो.

१०. आमच्या सोसायटीच्या नक्षत्रवनात अश्विनीसाठी काजरा लावावा का?

अश्विनी सत्तावीस नक्षत्रांतलं पहिलं, तिची देवता अश्विनीकुमार, म्हणजे देवांचे वैद्य. वैद्यांच्या नक्षत्राला विषाचं झाड दिलं आहे, आणि मला ही योजना फार आवडते. ज्याच्या हातात औषध असतं त्याच्याच हातात विषही असतं. आराध्यवृक्ष तोडायचा नाही, खायचा नाही, फक्त जपायचा, अशी रूढी आहे. काजऱ्याला ती अगदी लागू पडते.

म्हणून 'विषारी आहे, यादीतून काढा' असं मी म्हणत नाही. पण जागा बघते. बालवाडीच्या, शाळेच्या आवारात आणि खेळण्याच्या जागेजवळ नको. देवळाच्या आवारातही तो दर्शनाच्या वाटेवर नको, कारण फळ पडलं की कोणीतरी प्रसाद समजून उचलेल. बाजूचा, कुंपण घातलेला कोपरा द्या. पाटीवर नुसतं 'अश्विनी – काजरा' लिहू नका, 'फळ व बी विषारी, खाऊ नये' हेही मोठ्या अक्षरांत लिहा, आणि मराठीबरोबर कन्नड व तेलुगूतही लिहा. थंडीत पडलेली फळं रोज वेचायला कोण येणार, हे लावण्याआधी ठरवा. नाव ठरत नसेल तर थांबा.

११. पण तो सोलापुरात जगेल का?

जगू शकतो, पण आनंदाने वाढेल असं सांगता येत नाही. काजरा पश्चिम घाट आणि कोकणातल्या दमट जंगलांचा रहिवासी आहे. श्रीलंकेत आणि पुढे आग्नेय आशियातही आढळतो. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशेच्या आसपास, तोही लहरी. त्यात चाळिशी ओलांडणारा उन्हाळा.

भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत पाणी साचतं, उथळ मुरमात मूळ अडतं. खड्डा तीन फुटांचा घ्या, मुरूम फोडा, पोयट्याची माती आणि कुजलेलं शेणखत भरा. पहिले तीन उन्हाळे सावली आणि आठवड्याला दोनदा पाणी लागेल. खोडाभोवती पालापाचोळ्याचं जाड आच्छादन ठेवा. बी उगवायला आणि रोप वाढायला वेळ लागतो, धीर सोडू नका. बिया हाताळताना हातमोजे घाला आणि उरलेल्या बिया घरात साठवू नका. रोपवाटिकेतून आणलं तर पानाच्या शिरा तपासून घ्या (प्रश्न ३). 'काजरा' म्हणून भलतंच रोप हाती पडल्याचं मी दोनदा पाहिलं आहे.

१२. धनेश पक्षी काजऱ्याची फळं खातो म्हणतात. मग आपण नुसता गर खाल्ला तर?

धनेश खातो, खरं आहे. कोकणात काजरा पिकला की धनेश त्यावर येतात. माकडंही गर खातात. पण ते बी फोडत नाहीत. विषाचा मोठा साठा त्या कडक बीत बंद राहतो आणि ती तशीच टाकली जाते. त्यातूनच झाडाचा प्रसार होतो.

माणसाने हे अनुकरण करू नये. गर पूर्ण निर्विष नसतो आणि बुळबुळीत गराबरोबर बी दाताखाली यायला क्षण पुरतो. पक्षी खातो म्हणून माणसाला चालतं, हा नियम कोणत्याच रानफळाला लावू नका.

१३. उंदीर-घुशींसाठी किंवा त्रास देणाऱ्या कुत्र्यांसाठी काजऱ्याची बी वापरता येईल का?

नाही. कृती मी कोणालाही सांगत नाही, कृपया विचारू नका. प्रश्न ५ मध्ये लिहिलेल्या यातना कुत्र्यालाही तशाच होतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये, भटक्या कुत्र्यांसह कोणत्याही प्राण्याला हृदयात स्ट्रिकनीन टोचून मारणं हा गुन्हा म्हणून नाव घेऊन लिहिला आहे. इतर अनावश्यक क्रूर मार्गही त्यात येतात. शिवाय टाकलेलं आमिष कोण खाईल यावर तुमचा ताबा नसतो: शेजारची मांजर, घार, रांगणारं मूल.

१४. निवळीच्या बिया पाणी गाळायला वापरतात. ती काजऱ्याची बहीण ना? मग तीही विषारी?

बहीणच, एकाच गणातली. पण निवळीच्या बीत स्ट्रिकनीन नसतं. गढूळ पाण्याच्या माठाला आतून ती बी घासली की गाळ खाली बसतो, म्हणून तिचं नाव निवळी. तिकडे दक्षिण अमेरिकेत याच गणातल्या एका वेलीपासून बाणांना लावायचं क्युरारे करत, आणि त्याने स्नायू आखडण्याऐवजी लुळे पडतात. एकाच कुळातल्या तीन बहिणींचे तीन स्वभाव.

अडचण एवढीच की दोन्ही बिया गोल असतात. निवळीची बी लहान आणि दोन्ही बाजूंनी फुगीर, तर काजऱ्याची मोठी, चपटी, बटणासारखी. सुट्या विकत घेतलेल्या बियांबद्दल जराही शंका असेल तर त्या पिण्याच्या पाण्यात घालू नका. तुरटी वापरा.

१५. काजऱ्यावर वाढलेलं बांडगूळ औषधी असतं असं ऐकलं. ते तर वेगळं झाड आहे, मग त्यात विष कुठून येणार?

यजमानाकडून येतं. बांडगूळ झाडाचा रस ओढून घेतं, आणि रसाबरोबर जे असेल तेही. ओडिशात कटकच्या परिसरात काजऱ्यावर वाढलेल्या बांडगुळाच्या पानांत स्ट्रिकनीन आणि ब्रुसीन सापडल्याची नोंद एकोणिसाव्या शतकातली आहे, आणि ती नोंद झाली विषबाधांमुळेच. तेच बांडगूळ दुसऱ्या झाडावर असतं तर गोष्ट वेगळी. वाळवून विकायला आलेलं बांडगूळ कोणत्या झाडावरून काढलं, हे विकणाऱ्यालाही बहुधा सांगता येत नाही. म्हणून बांडगुळाची कोणतीच पुडी पोटात घेऊ नका.

१६. गावाकडे, कोकणात आमच्या जागेत जुना काजरा आहे. घरात आता नातवंडं आहेत. तोडून टाकावा का?

तोडू नका. घराला लागून असेल तर फळं येणाऱ्या फांद्या थंडीआधी छाटता येतात आणि बुंध्याभोवती कुंपण घालता येतं. मुलांना 'तिकडे जायचं नाही' एवढंच सांगू नका. झाडाजवळ घेऊन जा, पान उजेडात धरून शिरा मोजायला लावा, फळ दुरून दाखवा, नाव पाठ करून घ्या. माझ्या आजीने हेच केलं होतं. आम्ही सात-आठ भावंडं त्या झाडाखाली वाढलो. बी कोणी तोंडात घातली नाही, कारण ती काय आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पौषात पहाटे धनेशांच्या पंखांचा आवाज आला की आम्ही गोधडीतून उठून खिडकीशी जायचो.